कळवू नये

पाणबुडीवर चढायच्या आधी एक फॉर्म भरून द्यावा लागतो. वजन, रक्तगट, दातांची अवस्था असल्या भारंभार चौकशा आटोपल्या की शेवटच्या पानावर एकच ओळ असते. मोहीम चालू असताना घरी कोणाचा मृत्यू झाला तर तुम्हाला कळवावे की कळवू नये? पुढे दोन चौकोन. एकावर खूण करायची, खाली सही ठोकायची, संपलं.

बाकीचे लोक त्या ओळीपाशी थबकायचे. पेन चावायचे, खिडकीबाहेर बघायचे. एकाने तर घरी विचारून येतो म्हणून अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली होती. मी मात्र दर वेळी तीन सेकंदांत 'कळवू नये'वर खूण करून मोकळा व्हायचो. कळून करणार काय? सत्तर दिवस बोट पाण्याखाली. एका माणसाच्या दुःखासाठी ती वर येत नाही, आणि येऊही नये. शिवाय मला माझ्या खात्याची मस्ती होती. मी वायरलेसवर होतो. किनाऱ्यावरून येणारा शब्द न् शब्द आमच्या खोलीतून जायचा. माझ्यापासून कोण काय लपवणार, असं मी छाती पुढे काढून सांगायचो.

त्या खोलीत आम्ही दोघे होतो, एवढं मात्र मी विसरायचो. दुसऱ्याला सगळे उंट म्हणायचे. सव्वासहा फूट माणूस पाणबुडीवर घेतलाच कसा, हे कोडं कोणाला सुटलं नाही. भरतीच्या वेळी गुडघे वाकवून उभा राहिला असणार. त्याच्या कपाळावर कायम एक तरी टेंगूळ असे. सहा तास मी, सहा तास तो, अशा आमच्या पाळ्या. खोली एवढी चिंचोळी की एकाने बाहेर पडल्याशिवाय दुसऱ्याला आत शिरता येत नसे. खुर्ची एकच, कानाला लावायचे हेडफोन एकच, चहाचा मग ठेवायला टेबलाचा कोपरा एकच. साहजिकच आम्ही भांडायचो. पेन्सिलीला टोक का नाही, खुर्ची खाली का केली, पावाचा चुरा टेबलावर कोणी सांडला. पाळी बदलताना दहा मिनिटं तोंडाचा पट्टा चालायचा. आचारी म्हणायचा, "तुमचं भांडण ऐकू आलं की मला कळतं सहा तास झाले. घड्याळाची गरजच नाही."

आमची बोट ऐकायची, बोलायची नाही. पाण्याखालून एक शब्द जरी बाहेर पाठवला तरी शत्रूला ठिकाण कळतं, म्हणून सत्तर दिवस तोंड शिवलेलं. घरच्यांना मात्र आठवड्यातून एक संदेश पाठवता यायचा, मोजून चाळीस शब्दांचा. तो किनाऱ्यावरच्या कचेरीत तपासला जायचा, त्यातलं वाईटसाईट गाळलं जायचं, मग आमच्याकडे यायचा. आम्ही तो कागदावर उतरवून ज्याचा त्याला द्यायचो. त्याला उत्तर नाही. बायकोने विचारलं, बरा आहेस ना, तर तिने ते भिंतीला विचारल्यासारखंच.

वाईट बातमी वेगळी यायची, थेट कप्तानांच्या नावाने. जो पाळीवर असेल त्याने ती उतरवायची, नोंदवहीतलं पान फाडून लिफाफ्यात घालायचं, कप्तानांच्या हातात द्यायचं आणि मूग गिळून गप्प बसायचं. ज्याने 'कळवू नये' लिहिलंय त्याचा लिफाफा बोट परत धक्क्याला लागेपर्यंत कप्तानांच्या खणात. हे काम मी स्वतः केलं होतं. आचाऱ्याची आई गेली तेव्हा एकतीस दिवस मी त्याच्या हातचं जेवलो, त्याच्या विनोदांना हसलो. नंतर त्याने महिनाभर माझ्याशी बोलणं टाकलं. मग एक दिवस न मागता चहा आणून ठेवला, आणि तो विषय तिथेच मिटला.

तर अशी ती पद्धत. वायरलेसवाल्याचीच बातमी आली तर दुसरा वायरलेसवाला ती पोटात ठेवणार, ही साधी गोष्ट माझ्या सुपीक डोक्यात कधी शिरलीच नव्हती.

घरी माझी तीन माणसं. बायको रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. दिवसभर सुया आणि बाटल्या, तरी तिच्याइतकं हसणारं माणूस मी पाहिलं नाही. दहा वर्षांची मुलगी. तिला घरात सगळे मुकादम म्हणायचे, कारण काम कोणाचंही असो, देखरेख तिची. आणि माझे वडील, अण्णा. आयुष्यभर नळदुरुस्ती केलेला माणूस. बोलणं तिरकस, कौतुक शून्य. माझा तापट स्वभाव कुठून आला हे शोधायला लांब जावं लागत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी आमचं वाजलं होतं. स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता. अण्णा बाहेर गेले होते, म्हणून मी पक्कड घेऊन सरसावलो आणि त्याचे आटेच घालवले. पाणी थेट छताला. अण्णा आले, मुख्य कॉक बंद केला आणि बायकोमुलीसमोर म्हणाले, "पाण्याखाली राहतो म्हणे! एक नळ बंद करता येत नाही, तुझी बोट तरते कशी?"

मला हसता आलं असतं. मुकादम हसलीच. पण माझं डोकं फिरलं. "तुम्ही जन्मभर लोकांच्या मोऱ्या उपसल्यात," मी म्हणालो, "मला बोटीतलं शिकवू नका."

अण्णा आपल्या खोलीत गेले. सकाळी मी निघालो तेव्हा त्यांच्या खोलीचं दार बंद होतं. मी ठोठावलं नाही. पिशवी उचलली आणि जिना उतरलो. मागून नेहमीसारखा बायकोचा आवाज आला, "अरे, दार लाव!" घरातून निघताना दार उघडं टाकायची माझी जन्माची सवय. मी परत चढून लावून आलो.

तिच्या संदेशांतही शेवटी ते असायचंच. दार लाव. बत्तीस नाहीतर तेहतीस शब्दांत घरची हकिकत कोंबायची आणि उरलेल्या जागेत हे दोन. पाणबुडीवरच्या माणसाला दार लाव म्हणून बजावणं तिला फार विनोदी वाटायचं. त्याच्या आधी पाच शब्द अण्णांसाठी राखीव असत. पहिल्या आठवड्यात त्यांनी लिहिलं, 'नळ पुन्हा गळतोय. तुझीच करामत.' वाचून माझा जीव भांड्यात पडला. शिव्या दिल्या म्हणजे राग गेला. दुसऱ्या आठवड्यात, 'मफलर विसरलास. गाढवच आहेस अजून.' तिसऱ्यात, 'वजन वाढवू नकोस. हॅच लहान.' हॅच म्हणजे बोटीत चढायउतरायचं झाकणाचं भोक. ते तिन्ही कागद मी खाटेच्या वरच्या पत्र्याला चिकटवली होती. खाट म्हणजे तरी काय, एक फळी. उताणं झोपलं की नाकापासून वीतभर वर दुसऱ्याची पाठ.

चौथ्या आठवड्यात एकदा मी पाळी घ्यायला गेलो. आदल्या पाळीत मी मुद्दाम टेबलावर पावाचा चुरा सोडला होता, उंटाला डिवचायला. जाताना दहा मिनिटांच्या भांडणाची तयारी करूनच गेलो. पाहतो तर टेबल स्वच्छ. खुर्ची माझ्या उंचीला लावलेली. तीन पेन्सिली, तिन्हींना टोक.

"चुरा मी सांडला होता," मी म्हणालो.

"असू दे," उंट म्हणाला. माझ्याकडे न बघता बाहेर पडला. जाताना डोकं आपटलं तरी शिवी दिली नाही.

मी खुर्चीत बसलो. चार वर्षांत हा माणूस माझ्याशी चांगला वागला नव्हता. नोंदवही पुढे ओढली. संदेशांना ओळीने आकडे असतात. एकशे सतरा होता. त्याच्यापुढे एकशे एकोणीस. मध्ये फाडलेल्या पानाची कड आणि कप्तानांची छोटी सही.

ते सहा तास मी कानाला हेडफोन लावून बसलो होतो, पण काय ऐकलं ते देव जाणे. बोटीवर एकोणसाठ माणसं. तो कागद कोणाचाही असू शकतो, असं स्वतःला बजावून झालं. पण चुऱ्याबद्दल 'असू दे' म्हणावं असा त्या एकोणसाठांत मी एकटाच होतो.

पाळी बदलायला उंट आला तेव्हा मी दारातच आडवा झालो. "एकशे अठरा कुठे आहे?"

"कप्तानांकडे."

"माझा आहे?"

तो हळूच म्हणाला, "सही तुझी आहे. मी काय करू?"

यापुढे त्याला विचारणं म्हणजे त्याला फासावर चढवणं. मी बाजूला झालो. कप्तानांचा खण माझ्या खाटेपासून अकरा पावलांवर होता. त्याला साधं कुलूप होतं, आणि मी नळवाल्याचा मुलगा, तार आणि पकडीत माझा हात बरा. दोनदा मी त्या पडद्यापर्यंत जाऊन आलो. पण मी मागे ज्या लिफाफ्यांवर गप्प बसलो होतो, त्यांची आठवण मला आत जाऊ देईना. स्वतःवर आली की नियम मोडायचा, एवढा हलका मी नव्हतो. की नुसता घाबरलो होतो, कोण जाणे.

तिघांपैकी कोण? दोन दिवस मी हा एकच प्रश्न घेऊन वावरलो. जेवताना समोर आठ माणसं, बाजूला खांद्याला खांदा लावून दोन, आणि यांतल्या एकालाही मी काही सांगू शकत नव्हतो. बोटीत एकटं बसायला हातभर जागा नसते, तरी इतका एकटा मी आयुष्यात कधी पडलो नव्हतो. मी हिशेबच मांडला होता, लाज वाटते सांगायला. मुलगी नको. बायको नको. मग उरतो कोण?

तिसऱ्या दिवशी माझ्याच पाळीत घरचा संदेश आला. उतरवताना पेन्सिल दोनदा मोडली. मुकादमने शाळेत चित्रकलेच्या बाईंची चूक काढली आणि वर्गाबाहेर उभी राहिली. लॅबमधला फ्रिज बिघडला तेव्हा सगळ्यांनी त्यात आधी आपले डबे शोधले. शेजाऱ्यांचा कुत्रा आमच्या पायरीवर झोपतो. सगळं तिच्याच ढंगात. शेवटी दार लाव. आणि त्याच्या आधी अण्णांचे पाच शब्द: 'नीट ये बाळा. वाट पाहतो.'

मी ते पाच शब्द वाचले आणि मला सगळं कळलं. अण्णांनी मला उभ्या जन्मात बाळा म्हटलं नव्हतं. माझं हाड मोडलं तेव्हाही 'चालताना डोळे कुठे होते' एवढंच म्हणाले होते. हे अण्णा नव्हते. हे माझ्या बायकोने त्यांच्या नावाने लिहिलं होतं, मला संशय येऊ नये म्हणून. पण तिच्यासारख्या गोड माणसाला त्या शिव्या कुठून जमणार?

अण्णा गेले होते.

आणि आता जे सांगतो ते मी कोणालाही सांगितलेलं नाही. पहिल्यांदा मला हायसं वाटलं. बरं झालं, म्हातारा गेला, त्या दोघी आहेत. असा विचार माझ्या मनात आला, नुसता आला नाही, चांगला मिनिटभर राहिला. मी खुर्चीत मागे टेकून श्वास सोडला. मग मला ते बंद दार आठवलं, न ठोठावलेलं, आणि मोऱ्या उपसल्यात हे माझं वाक्य आठवलं, आणि मी हेडफोन कानाला दाबून रडलो. रडतानाही कान उघडे ठेवावे लागतात. नोकरीच तशी.

त्यानंतरचे दिवस मी अण्णांचं सुतक माझ्यापुरतं पाळलं. फळीवर पडल्या पडल्या त्यांची माफी मागायचो. लहानपणी ते मला कामावर न्यायचे, वायसर कुठला आणि आटे कसे बसतात ते दाखवायचे, पाणी कुठून वाट काढील ते आधी ओळख म्हणायचे. तेव्हा मला त्यांची लाज वाटायची. आता वाटत होतं, एकदा, एकदाच, समोर बसून ऐकावं. पुढचे संदेश येत राहिले. त्यांतले अण्णांचे पाच शब्द आणखी मऊ होत गेले. 'जेवलास का? तब्येत जप राजा.' वाचून मला बायकोची दया यायची. बिचारी एकटी सगळं सांभाळतेय आणि वर माझ्यासाठी हे नाटक.

सातव्या आठवड्यात पाइप फुटला. मी पाळी सोपवत होतो, उंट घेत होता, म्हणजे दोघेही खोलीच्या तोंडाशी अडकलेलो. मोठा बार झाल्यासारखा आवाज आला आणि बोळात पांढरं धुकं पसरलं. एवढ्या खोलवर समुद्राचं पाणी फटीतून येतं ते पाण्यासारखं येत नाही, काठीसारखं लागतं. पलीकडे एक मेकॅनिक आधीच सांध्याला कवळा, म्हणजे आवळायचा लोखंडी पट्टा, लावायला धडपडत होता आणि दुसऱ्या हाताची वाट बघत होता. नियम एकच: पाणी शिरलं की त्या भागाचं लोखंडी दार बंद. जो आत असेल तो आत.

दाराजवळ मी होतो. उंटाला एका ढांगेत बाहेर पडता आलं असतं. त्याने मागे वळून माझ्या छातीवर दोन्ही हात ठेवले आणि मला बाहेर ढकललं. "तुझी पोर लहान आहे," तो ओरडला. "दार लाव!"

मी लावलं. माझ्या हातांनी चाक फिरवलं आणि उंटाला पाण्यात कोंडलं. अकरा मिनिटं. बोट वर वर जात होती, पायाखालची जमीन तिरकी झाली होती, आणि मी त्या दाराला कान लावून उभा होतो. आतून हातोड्याचे ठोके येत होते. ठोके थांबले की ते पुन्हा सुरू होईपर्यंत मी आकडे मोजायचो. बोटीला कधी कधी एका दारासाठी माणूस सोडून द्यावा लागतो, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. शिकणं आणि दारापाशी उभं राहणं यांत फार फरक आहे.

दार उघडलं तेव्हा पाणी त्यांच्या छातीपर्यंत होतं. कवळा बसला होता. मेकॅनिकचे ओठ निळे पडले होते, उंटाचं मनगट सुजून दुप्पट झालं होतं. मी त्याला ब्लँकेटात गुंडाळलं आणि आचारी चहा ओतत असताना त्याच्यावर डाफरलो, "मला कशाला ढकललंस रे? मी काय लहान आहे?"

"तू जाड आहेस," त्याने दातांवर दात आपटत सांगितलं. "नंतर दारात अडकला असतास."

बऱ्याच दिवसांनी तो माझ्याशी नीट भांडला होता. मला त्याची कीव आली. पंचवीस दिवस हा माणूस माझं दुःख पोटात घेऊन फिरतोय, आणि ते मला ठाऊक आहे हेही त्याला ठाऊक नाही. मी त्याच्या शेजारी बसलो.

"उंटा, आता ओझं वाहू नकोस," मी म्हणालो. "कोण ते मला कळलंय. संदेशावरून कळलं."

त्याने मान वर केली. "कळलं? केव्हा?"

"पहिल्याच संदेशाला. सोंग थोडंच लपतं?"

त्याने चहाचा मग खाली ठेवला. "आणि तू इतका शांत?"

"होणारच होतं कधी ना कधी," मी म्हणालो.

त्याने जरा विचित्र नजरेने पाहिलं, मग नजर वळवली. नाव मी घेतलं नाही, त्यानेही घेतलं नाही. दुसऱ्या दिवशीपासून त्याने पुन्हा पेन्सिलीवरून कटकट सुरू केली आणि मला वाटलं, चला, दोघेही सुटलो.

सत्तराव्या दिवशी बोट धक्क्याला लागली. हॅच उघडायच्या आधी ज्यांचे लिफाफे असतात त्यांना कप्तान बोलावतात. मी बोलावण्याची वाट न बघताच गेलो. दाढी केली होती, शर्ट इस्त्रीचा होता. केबिनमध्ये कप्तान, डॉक्टर, आणि दाराशी मान वाकवून उंट.

"बसा," कप्तान म्हणाले.

"सर, मला माहीत आहे," मी म्हणालो. "मी तयारी केली आहे मनाची. वडिलांना कशाने नेलं तेवढं सांगा. त्रास झाला का त्यांना?"

कप्तानांनी डॉक्टरांकडे पाहिलं. मागे उंटाच्या तोंडून काहीतरी आवाज निघाला. वळून पाहिलं तर त्याने भिंतीला धरलं होतं.

"तुमचे वडील वर धक्क्यावर उभे आहेत," कप्तान सावकाश म्हणाले. "मुलीला घेऊन आले आहेत."

मला आनंद झाला. खरं सांगतो, एका श्वासापुरता मला एवढा आनंद झाला की मी उठून उभाच राहिलो. अण्णा आहेत! मफलरवरून बोलणार, वजनावरून बोलणार. आणि मग कप्तानांचं वाक्य पुन्हा कानात आलं. मुलीला घेऊन. फक्त मुलीला.

डॉक्टर बोलत होते. लॅबमध्ये काम करता करता. मेंदूत रक्तस्राव. काही मिनिटांत. कोणालाही काही करता आलं नसतं. लिफाफ्यावर तारीख होती, सत्तेचाळीस दिवसांपूर्वीची. एवढे दिवस मी चुकीच्या माणसाला रडत होतो. आणि तिला, तिच्यासाठी, मी एक दिवसही नाही. उलट ती आहे म्हणून मी सुटकेचा श्वास सोडला होता.

"मला वाटलं तुला कळलंय," उंट म्हणत होता. "तू म्हणालास कळलंय. मला वाटलं..." त्याचा दोष नव्हता. त्याने त्या दाराच्या आत राहून माझ्या मुलीच्या आईबापांतला उरलेला एक बाहेर ढकलला होता.

धक्क्यावर अण्णा उभे होते, हातात माझा मफलर. दोन महिन्यांत माणूस केवढा वाकला होता. मुकादमने माझा हात धरला तो घरापर्यंत सोडला नाही. जिना चढलो, आत आलो. स्वयंपाकघरातला नळ नवा होता. खुंटीवर तिचा लॅबचा पांढरा कोट होता. टेबलावर मुकादमची चौकटीची वही पडली होती. मी ती उघडली. पानापानावर चाळीस चाळीस चौकोन आखलेले, एकेका चौकोनात एकेक शब्द. खोडलेले, पुन्हा लिहिलेले. 'फ्रिज' खोडून 'लॅबमधला फ्रिज.' शेवटच्या दोन चौकोनांत दर पानावर तेच. दार. लाव.

"कचेरीतल्या बाई म्हणाल्या, त्याने कळवू नये लिहून दिलंय," अण्णा खुर्चीच्या पाठीला धरून म्हणाले. "आणि संदेश थांबले तर त्याला लगेच कळणार. मग ही म्हणाली, आपण लिहू. आई कशी बोलते ते मला येतं. हिने सगळं लिहिलं. मी फक्त माझे पाच शब्द." त्यांनी मफलर खुर्चीवर टाकला. "तुला शिव्या घालायला बसायचो रे. दर वेळी बसायचो. हिला आई जमली. मला मीच जमलो नाही."

मी अण्णांच्या पायांशी बसलो. त्यांचा हात माझ्या डोक्यावर आला, जड, खरखरीत, पक्कड धरून घट्टे पडलेला. मी त्यांची माफी मागितली. कशाची ते सांगितलं नाही. नळाची असेल असं समजून ते "सोड रे" म्हणाले.

मुकादम समोर उभी होती. धक्क्यापासून आतापर्यंत तिच्या डोळ्यांत टिपूस आलेलं नव्हतं. काम नीट झालं की नाही हे तपासायला उभी राहते तशी ती उभी होती, पाठ ताठ.

"बाबा," तिने विचारलं, "आई बरोबर झाली होती का?"

मी जे तीन सेकंदांत सही करून मागितलं होतं, ते या पोरीने सात आठवडे करून दाखवलं होतं. खोटं बोलायचीही गरज नव्हती.

"अगदी बरोबर," मी म्हणालो. "मला काहीच कळलं नाही."

तेव्हा ती रडली. माझ्या इस्त्रीच्या शर्टात तोंड खुपसून, मोठमोठ्याने, पहिल्यांदा. खालच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात येऊन उभ्या राहिल्या, आणि माझ्या लक्षात आलं की मी आत येताना दार उघडंच टाकलं होतं आणि कोणी मला ओरडलं नव्हतं. मुलीला तशीच कडेवर उचलून मी उठलो आणि दार लावून घेतलं.